मागे ठेवलेला फॉर्म

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे सासरी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळून चुकलं होतं. त्यामुळे मी पडवीत पोरांची शिकवणी घ्यायला लागले, तेव्हा सासूबाईंनी एकच अट घातली. ओरडायचं असेल तर हळू ओरड, शेजारच्या गाईचं दूध आटेल. मी हळू ओरडायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

शिकवणी इंग्रजीची आणि इतिहासाची. कोल्हापूरला राहून मी याच दोन विषयांत बी.ए. केलं होतं. बी.एड. नव्हतं म्हणून शाळेत नोकरी नव्हती, आणि नवरा तालुक्याच्या कचेरीत चिकटलेला होता म्हणून गाव सोडणंही नव्हतं. आमचं गाव मिठबावच्या अलीकडचं, खाडीच्या काठाला. शाळा सुटली की पोरं घरी दप्तर टाकून, पेज जेवून माझ्या पडवीत यायची आणि दिवेलागणीला आया हाका मारायला लागल्या की उठायची. कुणी फी विचारली नाही, मी सांगितली नाही. आवडीपेक्षा मी हे चिडून सुरू केलं होतं, हेही सांगून टाकते.

चीड होती ती गाईडवर. गावात इंग्रजी आणि इतिहास शिकवणारे एकच, शाळेचे हेडमास्तर, आणि त्यांची शिकवायची पद्धतही एकच. गाईडातलं उत्तर फळ्यावर लिहायचं, पोरांनी ते उतरवून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी उभं राहून घडाघडा म्हणायचं. एक शब्द चुकला तर पट्टी. निबंध ठरलेले. छत्रीचं आत्मवृत्त, प्राणिसंग्रहालयाला भेट आणि सगळ्यात लाडका म्हणजे रेल्वेचा प्रवास. त्या काळी आमच्या अख्ख्या जिल्ह्यात रेल्वेचा रूळ म्हणून नव्हता. जी पोरं मुंबईला जाऊन आली होती, तीसुद्धा रात्रभर एस.टी.त ओकत गेलेली. तरी सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, की गार्डाने शिट्टी फुंकली, हिरवं निशाण दाखवलं आणि झाडं मागे पळू लागली. गार्ड म्हणजे काय रे, असं मी एकदा एकाला विचारलं. तो म्हणाला, पोलिसासारखो कोणतरी असतलो.

मी ठरवलं, हे बंद. माझ्याकडे लिहायचं ते पाहिलेलं लिहायचं. रापण ओढलेली पाहिलीत ना, मग रापणीवर लिहा. किनाऱ्यावर दोन बाजूंनी दोर धरून अख्खी वाडी जाळं ओढते, त्याला इंग्रजीत काय म्हणतात हे मलाही माहीत नव्हतं. रापणच लिहा म्हटलं, ज्याला कळायचं नाही तो येईल विचारत. पोरं हसली आणि लिहायला लागली. चुका ढीगभर करायची, पण ते इंग्रजी त्यांचं स्वतःचं असायचं. वाचताना माझा राग जरा उतरायचा.

त्या पोरांत एक मुलगी होती दहावीतली. अंगाने काडी, बोलायला कमी, पण ऐकलेलं विसरायची नाही. तिचे वडील मुंबईला गिरणीत होते. गिरण्यांचा संप झाला आणि गणपतीला नि मे महिन्यात तेवढे दिसणारे आमचे चाकरमानी बारमाही गावात दिसू लागले, त्यातलेच ते एक. संपाला वर्ष उलटून गेलं होतं. दिवसभर घरासमोरच्या खळ्यात बसून खोकायचे. कुणी विचारलं, काय मग, संप कधी मिटतलो, तर उठून आत जायचे. मुलीचं पुढे काय करायचं हे घरात ठरून गेलं होतं. डोंबिवलीला तिच्या मामाच्या घरी लहान मूल होतं, ते सांभाळायला माणूस हवं होतं. आईने कशीबशी मुदत मागून घेतली होती, की दहावीची परीक्षा देऊ दे, पास झाली तर डी.एड.ला घालू, पुढे मास्तरीण होईल. नाही झाली तर मामा आहेच. म्हणजे दहावी हा त्या पोरीचा एकुलता एक दरवाजा होता, आणि तो एकदाच उघडणार होता.

सहामाहीत इंग्रजीच्या पेपरात रेल्वेचा प्रवास आला. इतिहासाच्या पेपरात आलं, की औद्योगिक क्रांतीचे कामगारांच्या जीवनावर कोणते परिणाम झाले.

दिवाळीनंतर पेपर मिळाले. ती माझ्या पडवीत आली आणि दोन्ही पेपर माझ्यासमोर ठेवून खांबाला टेकून उभी राहिली. दोन्हींत नापास. निबंधावर तिरकी लाल रेघ आणि खाली शून्य. मी वाचायला घेतला. पहिलंच वाक्य होतं, "देअर इज नो रेल्वे इन अवर डिस्ट्रिक्ट. सो आय विल राइट अबाउट एस.टी." पुढे कणकवलीपर्यंतचा प्रवास होता. मध्ये खाडीवर पूल नव्हता, तिथे गाडी थांबायची, माणसं उतरून तरीतून, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीतून, पलीकडे जायची आणि पलीकडे दुसरी गाडी उभी असायची. तिने लिहिलं होतं, की तरीत एका बाईच्या टोपलीतली कोंबडी सुटली आणि सगळे कोंबडी धरायला एकाच बाजूला झाले, तेव्हा तर कलंडली. तरवाला माझ्या वडिलांना ओळखतो, त्याने आमचे पैसे घेतले नाहीत. क्रियापदं वाकडीतिकडी होती, पण मला ती कोंबडी दिसत होती. लाल शाईत शेरा होता, विषयांतर.

इतिहासाचं उत्तर मराठीत होतं. इंग्लंडातल्या कामगारांबद्दल चार ओळी पाठ्यपुस्तकातल्या, आणि मग तिने वडिलांची गिरणी घातली होती. एका खोलीत गावचे इतके लोक राहत, की सगळ्यांना एका वेळी आडवं व्हायला जागा नसे. म्हणून रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाला उठे आणि त्याच वळकटीवर हा झोपे. कापसाची धूळ नाकातोंडात जाते, ती गावाला आल्यावरही खोकल्यातून बाहेर येत राहते. इंग्लंडातही असंच झालं असावं, असं तिने शेवटी लिहिलं होतं. बाजूला लाल शेरा होता, प्रश्न इंग्लंडविषयी आहे. मार्क नाही.

"ह्यां कित्याक लिवलंस गो?" मी विचारलं. मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"मी रेल्वे खंय बघलंय, बाई?" ती म्हणाली. "माका म्हायत आसा तांच लिवलंय. तुमीच सांगलास ना."

सांगितलं होतंच. आणि बरोबर सांगितलं होतं, असं मला तेव्हाही वाटत होतं. पण त्या दोन शून्यांचा खरा अर्थ दुसऱ्या दिवशी कळला. आमच्या शाळेच्या फाटकावर एक पाटी होती, दहावीचा निकाल शंभर टक्के, सलग इतकी वर्षं. दरवर्षी आतला आकडा पुसून नवा घालायचे. हे शंभर टक्के कसे होतात ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. सहामाहीत जो कच्चा निघेल त्याचा फॉर्म हेडमास्तर बोर्डाकडे पाठवतच नसत. टेबलाच्या खणात ठेवून देत आणि बापाला बोलावून सांगत, की पोर अजून तयार नाही, पुढच्या वर्षी बघू. बाप मान डोलावून घरी जाई. मास्तर सांगतात ते बऱ्यासाठीच. बऱ्याच पोरांचं पुढचं वर्ष कधी आलंच नाही. ती बोटीवर गेली, हॉटेलात गेली, लग्न होऊन गेली. पाटीवरचा आकडा मात्र दर साली वाढत राहिला.

या मुलीचा फॉर्म खणात गेला.

मी शाळेत गेले. कुणालाही न विचारता, पायात चपला सरकवून तशीच. हेडमास्तर गावातलेच, माझ्या सासऱ्यांच्या पानात जेवलेले, बाहेर भेटले की काय गो वयनी, बरा मां, असं विचारणारे. पण कचेरीतल्या खुर्चीत बसले की त्यांची भाषा बदलायची. पुण्याच्या रेडिओवरून बोलल्यासारखं शुद्ध बोलायचे. मी म्हटलं, मुलीला इंग्रजी येतं, इतिहास समजतो, तुमच्या शाळेत हे दोन्ही येणारी ती एकटी असेल. ते म्हणाले, प्रश्न समजण्याचा नसून उत्तराचा आहे. मी म्हटलं, न पाहिलेल्या रेल्वेबद्दल खोटं लिहिलं तर मार्क, आणि पाहिलेल्या एस.टी.बद्दल खरं लिहिलं तर शून्य, हा कुठला न्याय. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"वहिनी, बोर्डाचा परीक्षक न्याय करायला बसत नाही, तो पेपर तपासतो," ते म्हणाले. "त्या मुलीला मी बिघडवलेलं नाही. तुम्ही बिघडवलंय."

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. शिपाई दाराशी येऊन उभा राहिला एवढं आठवतं. फॉर्म काही खणातून निघाला नाही. घरी येताना वाटेत तिची आई भेटली, विहिरीवरून येत होती. घागर उतरवून तिने विचारलं, आणि मी नकारार्थी मान हलवली.  तिने घागर पुन्हा डोक्यावर घेतली आणि ती चालू लागली. तिने मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. माझा राग मग घरभर फिरला, भांड्यांवर निघाला, नवऱ्यावर निघाला. तो बिचारा म्हणाला, वर तक्रार कर. मी म्हटलं, तक्रार टेबलावरून टेबलावर जाईपर्यंत पोरगी डोंबिवलीला लंगोट धूत बसलेली असेल.

आमच्याकडे कुठलंही काम देवाच्या कानावर घातल्याशिवाय सुरू होत नाही. होडी पाण्यात लोटायची असो की विहीर खणायची असो, देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. गावचा मानकरी देवासमोर उभा राहून सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं होय म्हाराजा म्हणून साथ देतात. शाळेचंही तसंच होतं. दहावीच्या फॉर्मांचा गठ्ठा आधी देवळात न्यायचा, ताटात नारळ आणि विड्याबरोबर ठेवायचा, गाऱ्हाणं झालं की शिपाई तो पिशवीत घालून सकाळच्या गाडीने तालुक्याला न्यायचा. हेडमास्तर स्वतः हजर असत. धोतर नेसून, उपरणं घेऊन.

फॉर्म जायचे त्या सोमवारी मी देवळात गेले ती काही मनात योजून नाही. घरात बसवेना म्हणून गेले. पोरं रांगेत उभी होती, आंघोळी करून, तेल चोपडून. ती मुलगीही आली होती. आईबापांबरोबर, पण रांगेत नाही, मागे बायकांच्या बाजूला. वर्गाचं गाऱ्हाणं आहे तर वर्गातल्या पोरीने घरी कशाला राहायचं, असं आईने म्हटलं असावं. ताटात गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला. त्यात तो एक कागद नव्हता हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, देवाला तर असणारच. आणि सगळे हात जोडून उभे. 

मानकरी म्हातारा होता, त्याला शाळा, बोर्ड, फॉर्म यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. त्याचं काम देवाशी. गाऱ्हाण्याला सुरुवात करण्याआधी त्याने रिवाजाप्रमाणे मागे वळून विचारलं, आणखी कोणाचा काय सांगूचा आसा? एरवी कुणी सांगतं, गाय आटली, कुणी सांगतं, झिलगो बोटीवर गेलाहा त्याची खबर नाय. तेही गाऱ्हाण्यात घातलं जातं. त्या दिवशी कुणी बोललं नाही. मी बोलले. बायकांच्या घोळक्यातून, पदर खांद्यावर आवळून. मी म्हटलं, ह्या चेडवाचो फारम गठ्ठ्यात नाय, तो येवंदे म्हणून सांगा. इतकंच.

हेडमास्तरांनी वळून पाहिलं. मानकऱ्याने पाहिलंच नाही. त्याला बोलणं पोचलं होतं, त्याने देवाकडे तोंड केलं आणि त्याच्या नेहमीच्या लयीत सुरू झाला.

"बा देवा म्हाराजा, आज ही जी काय दहावीची पोरां तुझ्या पायाकडे इली आसत..."

"होय म्हाराजा."

"तेंचे फारम तालुक्याक जातत, ते सुखरूप पोचव, पोरांका यश दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"आणि ह्या गरिबाच्या चेडवाचो फारम जो कोणी मागे ठेयल्यान आसा, तेका तू सुबुद्धी दी, आणि तो फारम आजच्या आज ह्या गठ्ठ्यात येवंदे रे म्हाराजा."

मी हेडमास्तरांकडेच बघत होते. जन्मभर ज्या माणसाने गाऱ्हाण्याला साथ दिली, त्याला ते विचार करून म्हणावं लागत नाही. त्याचं तोंड आपोआप उघडलं. "होय म्हाराजा," हेडमास्तर म्हणाले, सगळ्यांच्या बरोबर, हात जोडून. आणि मग त्यांना कळलं आपण काय म्हटलं ते. पण सगळ्यांत वर आवाज होता तो मुलीच्या बापाचा. संपानंतर इतक्या मोठ्याने बोलताना त्याला कुणी ऐकलं नव्हतं. पाठोपाठ त्याला ढास लागली आणि तो खांबाला धरून खोकत राहिला.

देवासमोर होय म्हटलेलं मोडायची आमच्याकडे कुणाची छाती नाही. हेडमास्तर उपरणं सावरत शाळेकडे चालू लागले. शिपाई पिशवी घेऊन थांबला, तिठ्यावर गाडी आली तेव्हा कंडक्टरला कुणीतरी जाऊन सांगितलं, आणि तोही थांबला. फॉर्म आला. सुतळी सोडून गठ्ठ्यात घातला, पुन्हा बांधला. माझ्याजवळून जाताना हेडमास्तर हळू आवाजात म्हणाले, आणि तेसुद्धा देवळात, कचेरीतल्या शुद्ध भाषेत, "निकालाची पाटी उतरली, तर त्याला जबाबदार तुम्ही."

मी ताठ मानेने घरी आले. संध्याकाळपर्यंत ताठा उतरला. पाटीचं मला काही नव्हतं, गेली चुलीत. पण मुलगी नापास झाली तर डोंबिवली ठरलेली होती, आणि बोर्डाचा परीक्षक कोण, कुठला, त्याने खाडीवरची तर कधी पाहिलीय का, मला काय ठाऊक. त्याच्या हातात गाईड असेल, तर माझ्या कोंबडीला तो काय मार्क देणार. दुसऱ्या दिवशी मी तिला समोर बसवलं आणि गाईड उघडलं. तेच गाईड. तिने माझ्याकडे पाहिलं, मी पुस्तकाकडे पाहिलं. तीन महिने मी तिच्याकडून तो गार्ड, ती शिट्टी, ते हिरवं निशाण घोकून घेतलं. एक शब्द चुकला की मी खेकसायची. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, हेडमास्तर आपल्या पडवीत येऊन बसलेत की काय. मला त्यांचाही राग यायचा, कारण खरं होतं.

मुलगी पास झाली. इंग्रजीत झाली, इतिहासात झाली, सगळ्यात झाली. पाटीवर शंभर टक्के तसेच राहिले आणि हेडमास्तरांनी सत्कारात भाषण केलं, की आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याला संधी दिली जाते. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. डी.एड.चा अर्ज गेला, डोंबिवलीच्या मामाला नकार कळवला. तिचे वडील स्वतः आमच्या घरी गोड खाज्याचा पुडा घेऊन आले आणि खळ्यात बसून चहा प्यायले. मुलगी पडवीत माझ्याजवळ बसली. मला सहज आठवलं म्हणून मी विचारलं, बोर्डाच्या पेपरात निबंध कुठला आला होता गो.

आला होता, मला आवडलेला एक प्रवास. रेल्वे नाही, छत्री नाही, कुठलाही प्रवास, ज्याचा त्याचा. मी उठून बसले. म्हटलं, मग तू एस.टी. लिहिलीस ना? खाडीवरची तर लिहिलीस ना? ती कोंबडी?

ती गोंधळली. मी इतकं साधं कसं विसरले, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"नाय बाई," ती म्हणाली. "मी रेल्वेच लिवलंय. एस.टी.क शून्य गावता."

"आणि इतिहासात? तिथे कामगारांवर प्रश्न होता ना?"

तिने खळ्याकडे पाहिलं. तिचे वडील बशीत चहा ओतत होते. आवाज खाली करून ती म्हणाली, "बाबांका काडून टाकलंय."